कागद वर, माणूस खाली

"माहा कागद वर जाते बाप्पा, मी खालीच राह्यतो."

तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली तीनचाकी सायकलवर बसलेले काका बोलले. निराधार योजनेच्या हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. पुतण्या फाईल घेऊन आत गेला होता. जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा, अन् जिवंत माणूस दारापर्यंत पोचू शकत नाही!

बरं, रॅम्प आहे. पण इतका उभा, की धडधाकट माणसानंही भिंत धरून चढावं. रेलिंग नाही. पायथ्याशी मोटारसायकली लावलेल्या. विचारलं तर बाबू म्हणाले, "रॅम्प आहे ना, अजून काय पाहिजे?"

उतार पाहिजे, साहेब. नियम एकास बाराचा आहे. जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब लागतो. इथं सहा-सात फुटांत उरकलाय. फोटोत मात्र रॅम्प दिसतो, म्हणजे कागदोपत्री काम पूर्ण.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. जुन्या सरकारी इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत कधीच उलटली. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधीही दिव्यांगांसाठीच असतो. आमच्याकडे तो कशावर खर्च होतो, हे येत्या ग्रामसभेत मी विचारणार आहे. काकांनाही यायचंय. सभा वरच्या हॉलमध्ये न घेता मारुतीच्या पारासमोर घ्या, असा अर्ज आजच दिला.

तुमच्या गावच्या पंचायतीचा, दवाखान्याचा रॅम्प किती लांब आहे? टेप लावून पाहाल का?