नेट नक्की कुठे तुटतं ते शोधताना शिकलेलं टर्मिनल

पहिलंच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. पुण्यातल्या एका ऑफिसचे अकाऊंट्स घरून बघते, घर देवगडला जामसंड्याच्या पुढे, आणि सीझनला घरच्या हापूसच्या ऑर्डरी पण मीच लिहून घेते. म्हणजे नेट पाहिजेच. पावसात गेलं तर आपण समजून घेतो, सवय आहे, पण हे भर फेब्रुवारीत, कडक उन्हात, दिवसातून कितीदा तरी जायचं आणि आपोआप यायचं. कस्टमर केअरला फोन लावून माणूस लाईनवर येईपर्यंत नेट आलेलं असायचं, मग "आता चालू आहे ना मॅडम" करून तक्रार बंद. लाईनवर काम करणारा मुलगा स्वभावाने चांगला, पण त्याचं पण एकच, "ताई, तुमचो राऊटर गेलो आसा, नवो घेवा." नुसत्या अंदाजावर नवीन राऊटर घ्यायला माझं मन होईना.

भाचा रत्नागिरीला इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, मावशी, नेट गेलं असं म्हणूच नको, कुठपर्यंत चालू आहे ते बघ. त्याने घरातल्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं एक लिनक्स, टाकून दिलं, टर्मिनलची, म्हणजे कमांड टाईप करायची, काळी खिडकी कशी उघडायची ते दाखवलं आणि परीक्षा आहे म्हणून निघून गेला. बाकीचं मी मॅन पेज वाचून वाचून केलं. मॅन पेज म्हणजे कमांडचं माहितीपत्रक, ते मशीनमधेच असतं, नेट नसताना पण उघडतं, आणि माझ्याकडे नेट नसलेला वेळ भरपूर होता.

सुरुवात पिंगपासून. पिंग एक छोटं पाकीट पाठवतं आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतं, एवढंच. हा प्रोग्राम माईक मूस नावाच्या माणसाने १९८३ च्या डिसेंबरमधे लिहिला, तो पण नेटवर्क नीट चालत नव्हतं म्हणूनच, ते वाचून जरा बरं वाटलं. मी आधी राऊटरला पिंग केलं. राऊटरचा पत्ता आयपी रूट कमांडने कळतो, डिफॉल्ट म्हणून जी ओळ येते त्यात असतो, माझा १९२.१६८.१.१. हे १९२.१६८ वाले पत्ते खाजगी, घरातल्या घरात वापरायचे. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पण तसलेच, त्यामुळे तुमच्या घरी आणि माझ्या घरी एकच पत्ता असला तरी भांडण नाही.

राऊटरचं उत्तर कधी २ मिलिसेकंदात, कधी २०० मधे. हे काही बाहेरचं दुखणं नव्हतं, हे वायफायचं, कारण आमचं घर जुनं, चिऱ्याच्या जाडजूड भिंती, आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय भिंतीतून जायला २.४ पेक्षा जास्त अडतं. म्हणून पुढची सगळी तपासणी लॅन केबल लावून केली. केबल लावल्यावर राऊटरचं उत्तर कायम एक मिलिसेकंदाच्या आत यायला लागलं, नेट गेलेलं असताना सुद्धा. म्हणजे राऊटर नव्हे. हे कळलं तेव्हा मला खरंतर तिथेच लाईनवाल्या मुलाला फोन करायचा होता, पण म्हटलं अजून बघू.

मग ट्रेसराऊट. ह्याची युक्ती मला भारी आवडली. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, टीटीएल, आणि वाटेतला प्रत्येक राऊटर तो एकने कमी करतो. शून्य झाला की पाकीट फेकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो की तुझं पाकीट इथे संपलं. ट्रेसराऊट मुद्दाम आधी १ आकडा घालून पाठवतं, मग २, मग ३, आणि जो जो कळवतो त्याचा पत्ता लिहून घेतं. झाली वाटेची यादी. मधे कुठे तारे तारे (*) दिसले म्हणजे तिथे तुटलंय असं नाही हां, बरेच राऊटर कळवायचे कष्टच घेत नाहीत. पुढच्या ओळी येत असतील तर ताऱ्यांकडे बघायचंच नाही.

माझ्या यादीत पहिला घरचा राऊटर, दुसरा १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे देवगड बाजारातलं कंपनीचं यंत्र. हे पत्ते २०१२ पासून नेट देणाऱ्या कंपन्यांसाठी राखून ठेवलेत, कारण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण ४२९ कोटीच, ते पुरेनात, म्हणून एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. (कलमांच्या बागेतला कॅमेरा भावाला मुंबईहून का दिसत नव्हता त्याचं उत्तर पण इथेच मिळालं, बाहेरून आत यायला आमच्या घराला स्वतःचा असा पत्ताच नाही. पण तो विषय वेगळा.) त्याच्या पुढे अजून दोनतीन राऊटर, मग मुंबई. मुंबई आपल्यापासून चारशे किलोमीटर धरली तर जाऊन येऊन आठशे, फायबरमधे उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे ४ मिलिसेकंद. मला लागत होते पंधराच्या आसपास, बाकीचा वेळ वळसे आणि मधली यंत्रं खातात. तक्रार करण्यासारखं काही नाही त्यात.

आता खरं काम. नेट गेलं की मी टर्मिनल उघडेपर्यंत ते परत यायचं, म्हणून पिंग दिवसभर चालूच ठेवायचं ठरवलं, एक नाही, एकदम तीन. एक घरच्या राऊटरला, एक त्या १००.६४ वाल्याला, एक ८.८.८.८ ला, म्हणजे गुगलच्या डीएनएस सर्व्हरला (वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारं यंत्र). प्रत्येकाची फाईल वेगळी. पिंगला कॅपिटल डी लावला की प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहितं, आणि कॅपिटल ओ लावला की उत्तर आलं नाही तर तशी ओळ पण लिहितं. हा ओ फार महत्त्वाचा, नैतर गेलेल्या पाकिटाची ओळच येत नाही आणि नसलेली ओळ शोधणार कशी.

सेकंदाला एक ओळ, म्हणजे दिवसाला ८६,४०० ओळी, गुणिले तीन. एक्सेलमधे उघडायचा विचार मी एका मिनिटात सोडला. इथून पुढे ग्रेप, कट, सॉर्ट, युनिक, ऑक ही मंडळी, फाईलमधल्या ओळी निवडणाऱ्या, कापणाऱ्या, लावणाऱ्या, मोजणाऱ्या कमांड. सगळी जुनी, ऑक तर १९७७ चं. प्रत्येकजण एकच काम करतो आणि पाईपने पुढच्याच्या हातात देतो, आमच्या आंब्याच्या शेडमधे एक डाग बघून बाजूला काढतो, दुसरा वजनावर लावतो, तिसरा पेटी भरतो तसंच. ग्रेपने फक्त उत्तर न आलेल्या ओळी काढल्या. घरच्या राऊटरच्या फाईलमधे शून्य. दुसऱ्या फाईलमधे पण जवळपास शून्य. ८.८.८.८ च्या फाईलमधे ढीगभर. म्हणजे घरापासून देवगड बाजारातल्या त्यांच्या यंत्रापर्यंत सगळं व्यवस्थित, फायबर पण व्यवस्थित, त्यांचं पुढे कुठेतरी जातंय. आता गुगलचाच सर्व्हर उत्तर देत नसेल कशावरून, म्हणून १.१.१.१ ला, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डीएनएसला, पण एक पिंग लावून बघितलं, दोन्ही एकाच सेकंदाला मरत होते. खरंतर इथेच अर्धा निकाल लागला.

पण "पुढे कुठेतरी" असं सांगितलं तर कोण ऐकणार. म्हणून वेळा काढायला बसले. पिंग जी वेळ लिहितं ती १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतात, तेही ग्रीनिचच्या घड्याळाचे. आपल्या वेळेसाठी त्यात १९,८०० मिळवायचे, साडेपाच तासांचे सेकंद, मग ८६,४०० ने भागून बाकी काढायची, बाकीला ३,६०० ने भागलं की तास. हे ऑकमधे एका ओळीत होतं. पुढे सॉर्ट, मग युनिकला मायनस सी, तो प्रत्येक तासापुढे मोजणी लिहून देतो. युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतो, त्यामुळे सॉर्ट आधी पाहिजेच, हे मॅन पेजात एका कोपऱ्यात लिहिलंय आणि नाही वाचलं तर आकडे भलतेच येतात.

तासांवरून फार काही निघालं नाही. संध्याकाळी जास्त, दुपारी पण बरंच. मग ऑकला दुसरं काम दिलं, आधीच्या ओळीपेक्षा पाच सेकंदांहून जास्त फरक असला तर नवीन खंड, म्हणजे नेट नव्याने गेलं असं, समज आणि प्रत्येक खंड किती वेळ चालला ते लिही. आणि ही यादी बघून मी चहा गार केला. बहुतेक खंड एकाच लांबीचे, अडीच मिनिटांच्या आगेमागे. अधूनमधून एखादा अर्ध्या तासाचा, पण छोटे सगळे एका मापाचे. केबल तुटली तर कोणी जोडेपर्यंत तुटलेलीच राहील, ती प्रत्येक वेळी अडीच मिनिटांत कशाला जुळेल? एका मापाचा खंड म्हणजे काहीतरी यंत्र बंद पडून परत चालू होतंय आणि त्याला उठायला तेवढा वेळ लागतोय.

यंत्र बंद का पडतं? आईने आतून हाक मारली "लाईट गेली गो", आणि तेवढ्यात आली पण. आमच्याकडे इन्व्हर्टर, त्यामुळे माझ्या खोलीत पंखा, राऊटर काहीच हलत नाही, लाईट लपकून गेलेली मला कळतच नाही. मग लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टर नसलेल्या प्लगला लावला. लिनक्समधे चार्जरला करंट येतोय का ते एका छोट्या फाईलमधे दिसतं, १ किंवा ०. दर पाच सेकंदांनी ती वाचून वेळेसकट लिहून ठेवणारं चार ओळींचं लूप लावलं. काही दिवसांनी दोन्हीकडच्या वेळा मिनिटापर्यंत कापल्या, सॉर्ट केल्या आणि कॉम नावाच्या कमांडला मायनस १२ लावून दिल्या, मग ती दोन याद्यांतलं सामाईक तेवढंच दाखवते. जवळपास सगळी मिनिटं जुळली. काही नाही जुळली, पण ते यंत्र काय आमच्याच ट्रान्सफॉर्मरवर असणार असं थोडंच आहे.

हे सगळं कस्टमर केअरला सांगून बघितलं नाही, तेवढा जीव नाही माझ्यात. लाईनवाल्या मुलाला व्हॉट्सॲपवर दहाबारा ओळींची यादी पाठवली, लाईट कधी गेली, नेट कधी गेलं, किती वेळात आलं, आणि खाली लिहिलं की बाजारातलं मशीन त्या वेळी उत्तर देतं, त्याच्या पुढचं देत नाही. टर्मिनलचा फोटो मुद्दाम पाठवला नाही, काळा स्क्रीन बघितला की माणूस वाचत नाही. त्याचा लगेच फोन, "ताई, सड्यावरच्या बॉक्साची बॅटरी गेली असतली." नांदगावच्या रस्त्याला सड्यावर त्यांचा एक बॉक्स आहे, तिथून लाईन पुढे जाते. बॅटरी नावापुरती होती, लाईट लपकली की आतला नेटवर्क स्विच, म्हणजे लाईन पुढे देणारं यंत्र, बंद. ती बदलायला त्यांच्या वरच्या साहेबाची परवानगी वगैरे होऊन बराच वेळ गेला, पण बदलली. त्यानंतर लाईट जाते त्या मिनिटांत ८.८.८.८ ची फाईल स्वच्छ.

एक उरलं होतं, कधीकधी व्हॉट्सॲप चालू आणि वेबसाईट उघडत नाहीत. ते डीएनएस. डिग कमांड नाव देऊन पत्ता विचारते आणि खाली किती वेळ लागला ते लिहिते, कंपनीच्या डीएनएसला सेकंदांत लागत होते. राऊटरमधे दुसरा टाकला, पाच मिनिटांचं काम.

ह्या सगळ्याचा खरा फायदा मला एप्रिलमधे झाला. ऑर्डरींची यादी फोनमधून, शीटमधून, मावसभावाच्या एक्सेलमधून अशी तीनचार ठिकाणची, आणि एकच गिऱ्हाईक दोनदा. नंबर कोणी +९१ लावून, कोणी शून्य लावून, कोणी मधे जागा सोडून. टीआर नावाच्या कमांडने अधिकचं चिन्ह आणि मधल्या जागा उडवल्या, ऑकने शेवटचे दहा आकडे ठेवले, मग सॉर्ट आणि युनिक. तरी काही जोड्या सुटल्याच. कॅटला, म्हणजे फाईल दाखवणाऱ्या कमांडला, कॅपिटल ए लावून बघितलं तर विंडोजवरून आलेल्या ओळींच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर बसलेलं, ते पण टीआरनेच काढलं.

मराठीची गंमत वेगळीच. पेटीवरच्या लेबलसाठी गावाचं नाव कटने दहा अक्षरांत बसवायला गेले तर तीन अक्षरं आणि शेवटी तुटका चौकोन. डब्ल्यूसी नावाच्या मोजणाऱ्या कमांडला "देवगड" मोजायला दिलं, तो म्हणाला १५ बाईट. आपण चार अक्षरं वाचतो, कॉम्प्युटर पाच धरतो कारण मात्रा वेगळी मोजतो, आणि युटीएफ-८ मधे, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येकाला तीन बाईट. माझ्या उबंटूवरचा कट अक्षरं म्हणून बाईटच कापतो. म्हणून मराठी नावं कटला देतच नाही, स्वल्पविरामावर पूर्ण रकाना घेते आणि लेबलचा फॉण्ट बारीक करते.

पिंग अजून चालू आहे, पण आता फक्त ८.८.८.८ चं. महिना झाला की फाईल जीझिपने दाबून ठेवते, एवढीशी होते. लाईनवाला मुलगा मधेच विचारतो, ताई परवा संध्याकाळी गेल्ला काय ओ नेट, मग झेडग्रेप लावते, त्याला फाईल उलगडायची पण गरज नसते, आणि वेळ सांगते.