तेलाचे कागदी शेअर आणि बँकेचा शिक्का

तेलाचे शेअर ठेवावेत की काढून टाकावेत, यावर आमच्याकडे जेवणाच्या ताटावर वाद व्हायचे. भाचा म्हणायचा, "मावशी, सगळं इलेक्ट्रिक होणार आहे, विकून सोलरमध्ये टाक." भाऊ म्हणायचा, "एवढा लाभांश दुसरं कोण देतं?" दोघेही माझ्या दृष्टीने हवेत बोलत होते, कारण शेअर कागदी होते. बाबांनी नव्वदच्या दशकात एका सरकारी तेल कंपनीचे घेतलेले. बाबा पहिले धारक, आई दुसरी. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची खरेदी-विक्री बंद केली आहे. आधी डीमॅट, म्हणजे कागदी शेअर संगणकावरच्या खात्यात नेणं, मग वाद.

बाबांचं नाव कमी करायला मृत्यूचा दाखला, पॅन आणि अर्ज लागला, ते सरळ झालं. अडलं आईच्या सहीवर.

शेअर घेतले तेव्हाची तिची सही ठसठशीत, आताची संधिवाताने वाकडी झालेली. कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडून पत्र आलं, "सही जुळत नाही." अशा वेळी आयएसआर-२ नावाचा फॉर्म असतो. त्यावर बँकेच्या व्यवस्थापकाने सही ओळखून द्यायची, खाली आपलं नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक आणि शिक्का द्यायचा. कागदावर पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात बँक म्हणाली, आमच्या नोंदीतली सहीसुद्धा जुनीच आहे, आधी ती बदला. त्यासाठी आईला रिक्षात घालून नेलं, काउंटरसमोर उभी केली. खुर्ची मागितल्यावर मिळाली, हे सांगायलाच हवं. सही बदलली, तर व्यवस्थापक म्हणाले, "शेअरबिअरच्या कागदावर आम्ही सही करत नाही, वर विचारावं लागेल." वर म्हणजे कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अखेर सेबीचं परिपत्रक छापून टेबलावर ठेवलं, तेव्हा पेन उचललं गेलं. फॉर्म पाठवला, तर परत आला: कर्मचारी क्रमांक नाही. तो घालून पाठवला, तर पुन्हा परत: रद्द केलेल्या धनादेशावर आईचं नाव छापलेलं नाही. या त्रुटी एकाच पत्रात का लिहीत नाहीत, याचा राग मला अजून आहे. फोन केला की एक मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणायची, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे."

म्हणून सांगते, बँकेत जाण्याआधी नाव छापलेलं चेकबुक मागवून ठेवा आणि शिक्क्यात शाखेचं नाव नीट उमटलंय का, ते तिथेच उभं राहून बघा.

या काळात लाभांशही अडकून होता. १ एप्रिल २०२४ पासून केवायसी (ओळख, पत्ता, बँक यांची नोंद) अपुरं असलेल्या कागदी फोलिओला, म्हणजे भागधारकाच्या खात्याला, तो मिळत नाही. आणि सलग सात वर्षं लाभांश न घेतलेला राहिला, तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. तिथून परत मिळवायची वाट याहून लांब. ज्यांच्या घरी ट्रंकेत असे कागद आहेत, त्यांनी "भाव वाढू दे, मग बघू" म्हणू नये.

वाट बघताना मी थोडं वाचलं. भाचा ज्याला 'तेल' म्हणतो ते एक नाहीच. ओएनजीसी जमिनीतून, समुद्रातून तेल काढते. कच्चं तेल महागलं की तिची चंगळ. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम कच्चं तेल विकत घेऊन पेट्रोल-डिझेल विकतात, त्यांचं उलट. २०२२ साली युक्रेन युद्धाने तेल भडकलं, पंपावरचे भाव मात्र गोठवलेले, त्यामुळे या तिघींना तोटा सोसावा लागला. पुढच्याच आर्थिक वर्षात विक्रमी नफा. मालक सरकार, म्हणून या शेअरला सूर्यापेक्षा दिल्लीची धास्ती जास्त, असं माझं मत झालं. त्यांनी निव्वळ शून्य उत्सर्जनाची वर्षंही जाहीर केली आहेत: ओएनजीसी २०३८, इंडियन ऑइल २०४६, बाकी दोघी २०४०. ओएनजीसीने एनटीपीसी ग्रीनबरोबर मिळून २०२५ मध्ये अयाना ही सौर-पवन ऊर्जा कंपनी घेतलीसुद्धा. भाच्याला हे सांगितल्यावर तो जरा गप्प झाला.

एक दिवस रजिस्ट्रारचं 'लेटर ऑफ कन्फर्मेशन' आलं. मी ते दोनदा वाचलं आणि आईला फोन लावला. शेअर डीमॅट करायला रजिस्ट्रारची हरकत नाही, असं सांगणारं हे पत्र आमच्या वेळी १२० दिवसांच्या आत डीमॅटच्या अर्जासोबत द्यावं लागायचं. डीमॅट खातं आधीच उघडून ठेवा. खातं आईच्याच नावाने, स्पेलिंग पॅनसारखंच. मूळ प्रमाणपत्रं पाठवण्याआधी रंगीत प्रती काढा, हे खरं तर मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

खात्यात शेअर दिसू लागल्यावर आईने निम्मे विकायला सांगितले, निम्मे लाभांशासाठी ठेवले. करासाठी जुनी खरेदी किंमत शोधत बसू नका. इतक्या जुन्या शेअरना त्याऐवजी ३१ जानेवारी २०१८ चा भाव धरता येतो, बोनस शेअर त्याआधी मिळालेले असतील तर त्यांनाही. आमच्या सीएने तो भाव पाच मिनिटांत काढून दिला.