आईचा तांब्या घेऊन पंढरपूरपर्यंत

देहूहून निघाल्यावर पहिल्या दोन दिवसांतच मला माउली या शब्दाचा राग यायला लागला. जरा सरका माउली, माउली पिशवी उघडी आहे तुमची, चहा घ्या माउली. पोलीस म्हणतोय, टँकरवाला म्हणतोय, धक्का मारून पुढे जाणारा पण माउली म्हणूनच धक्का मारतोय. माझी आई फेब्रुवारीत गेली, लेंट, म्हणजे आमचे उपासाचे चाळीस दिवस, सुरू व्हायच्या आधी. आणि इथे जो तो येणाऱ्याजाणाऱ्याला आई म्हणतोय, असं मला वाटायचं आणि घशाशी काहीतरी यायचं.

तसं पाहिलं तर हे मला नवीन नव्हतं. माझे वडील चर्चचे पाळक, म्हणजे आई पाळकीणबाई. ज्यांच्या घरात पाळक आहे त्यांना सांगायला नको, पगार एकाचा असतो आणि नोकरी दोघांची. दर चार-पाच वर्षांनी बदली, नवा बंगला, म्हणजे नाव बंगला, पावसाळ्यात चार ठिकाणी पातेली लावायची. पहाटे साडेचारला आईची प्रार्थना, मग चूल, मग दारात कोणी ना कोणी. कुणाच्या सुनेला दवाखान्यात न्यायचंय, कुणाच्या घरी मयत झालीय आणि अंघोळ घालायला बाई नाही. शनिवारी रात्री प्रभुभोजनासाठी काळ्या मनुका भिजवून रस काढायचा, ते छोटे ग्लास पुसून ठेवायचे, रविवारी शब्बाथ शाळा आणि पेटी, बुधवारी भगिनी मंडळ. मंडळीतली म्हातारी माणसं पण तिला आई म्हणायची. माझी दहावीची परीक्षा चालू असताना ती तीन रात्री एका बाळंतिणीजवळ होती. ती बाई वाचली, बाळही वाचलं, आता ते पोरगं चांगलं नोकरीला आहे आणि आईच्या मयतीला माझ्यापेक्षा जास्त तोच रडला. मला मात्र त्या तीन रात्री अजून आठवतात, आणि मी ते तिला कधी बोलून दाखवलं नाही.

मग वारी का, तर एका तांब्यामुळे.

पप्पांची एक बदली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावात झाली होती, तिथे मात्र आम्ही अकरा वर्षं होतो, तुकोबांची पालखी चर्चच्या कंपाउंडसमोरूनच जायची. पहिल्याच वर्षी आईने गेटवर दोन रांजण मांडले. सकाळी सातपासून पालखी जाईपर्यंत उभी, हातात तिचा माहेरचा पितळी तांब्या, ओंजळ पुढे आली की धार धरायची. कमिटीतल्या एकांनी आक्षेप घेतला, चर्चच्या दारात हे बरं दिसत नाही, आपली माणसं गोंधळतात. आईने वाद घातला नाही, मत्तयचा 25 वा अध्याय उघडून वाचा एवढंच म्हणाली, आणि पुढच्या वर्षी रांजण तीन झाले. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तिच्या पदराला धरून उभी असायचे. एकदा मी विचारलं हे सगळे जातात कुठे, तर म्हणाली पंढरपूरला. तू का जात नाहीस, तर म्हणाली रविवार कोण बघणार गं. तिला जायचं होतं असं मी म्हणत नाही. तिची श्रद्धा प्रभू येशूवर होती, शेवटच्या श्वासापर्यंत तिथेच होती आणि माझीही आहे. पण पालखी वळणाआड गेली की ती तांब्या हातात तसाच धरून बराच वेळ रस्त्याकडे बघत उभी राहायची, ते मी पाहिलंय.

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या गावची दिंडी होती, परभणीकडची, रथामागची. दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याचे पैसे, भरली, पप्पांना सांगितलं. मला वाटलं ते नको म्हणतील. ते कपाटातून तांब्या काढून घासत बसले, चिंच आणि मीठ लावून.

आकुर्डी झाली, पुण्यात नाना पेठेतले दोन दिवस पावसात आणि गर्दीत गेले, लोणी काळभोर, यवत. काकडा, चालणं, विसावा, चालणं, हरिपाठ, झोप. कुठल्या दिवशी काय झालं हे मला आता नीट सांगता येत नाही. राहुटीत तीस बायका, एक घोरते, एक रात्री दोनला पिशव्यांचा आवाज करते, अंघोळीला टँकरखाली रांग, आणि सकाळी सहाला मी सगळ्या जगावर चिडलेली असायचे. मग वीणेकरी पुढे उभे राहिले, टाळ सुरू झाले की पाय आपोआप त्या ठेक्यात पडायचे. चाली तर मला ओळखीच्याच होत्या. आमच्या चर्चमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतच मी मोठी झाले, टाळ-मृदंगावर. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं टिळक म्हणायचे, हे पप्पांनी किती तरी उपदेशांत सांगितलंय. दिंडीत चालताना ते पहिल्यांदा कानांना कळलं. शब्द वेगळे, पण दम कुठे घ्यायचा ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

चौफुल्याला केडगावचा फाटा लागला. आईची आजी 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींपैकी, केडगावला मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. तिच्या आईबापाचं नावसुद्धा आमच्याकडे नाही. रमाबाई म्हटलं की लोकांना त्यांचं संस्कृत आठवतं, किंवा त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर. आमच्या घरी त्या म्हणजे पणजीला भाकरी देणारी बाई. आमच्या गावाचा तुकडा पण त्याच दिवशी लागला. चर्चचं गेट नवीन झालंय, लोखंडी, रंगवलेलं, आणि बंद होतं. रांजण नव्हते. मी थांबले नाही, मागून दिंडी येत होती आणि थांबले असते तर पुढे गेलेच नसते.

आता रोटी घाटाचं सांगते, कारण खरं तर तेच सांगायचंय.

वरवंडहून निघालो, पाटस गेलं, पाऊस दोन दिवस नव्हता आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. उजव्या टाचेला फोड आला होता तो वरवंडलाच, त्यावर मी पट्टी लावली होती, पट्टी घामाने सरकून त्याच्याखाली दुसरा फोड, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली तिसरा. घाट काही मोठा नाही, गाडीतून जाताना कळतही नाही. मला प्रत्येक पावलाला टाचेत खिळा जात होता. मी मागे पडले. आमची दिंडी पुढे गेली, मग दुसरी गेली, मग तिसरी, प्रत्येकीच्या टाळांचा आवाज जवळ यायचा आणि मला ओलांडून जायचा. मी देवाशी भांडत होते, आईशी भांडत होते, तू कशाला उभी राहायचीस त्या गेटवर, घरात बसली असतीस तर मी आज इथे नसते. असलं काहीही. शेवटी एका लिंबाखाली दगडावर बसले आणि रडले, मोठ्याने. त्या गर्दीत कुणाला ऐकू जाणार होतं.

एक म्हातारी आली. डोक्यावर गाठोडं, नऊवारी, पायात प्लॅस्टिकचे बूट, गड्यांचे असतात तसले. माझ्या दिंडीतली नव्हती. तिने काही विचारलं नाही, गाठोडं उतरवलं, समोर बसली आणि माझा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला. मी पाय मागे घ्यायला लागले, तर "गप बस लेकी" एवढंच. ब्लाउजला टोचलेली सुई काढली, गाठोड्यातून पांढरा दोरा काढला, दोऱ्याला खोबरेल तेल लावलं, काडेपेटीच्या काडीवर सुई धरली. मग फोडातून आरपार सुई घातली आणि दोरा आत तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी कापला. "दोरा राहू दी आत. पानी हळूहळू गळून जातंय. कातडं उपटू नको, कातडं उपटलं की मेलीस." तिन्ही फोडांचं तसंच केलं. हात इतके खरबरीत होते की सुईपेक्षा बोटंच जास्त टोचत होती. मग स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली.

मला तेव्हा वाटलं सांगायला पाहिजे. का वाटलं माहीत नाही, पाय कुणाच्या मांडीवर ठेवून लपवाछपवी बरी नव्हे असं काहीतरी. म्हटलं, आजी, मी ख्रिश्चन आहे. आमची आई पाळकीणबाई होती.

ती दोरा गुंडाळत होती. म्हणाली, "मंजी चर्चातली?"

हो म्हटलं.

"तुमच्यात उपास असतो का?"

असतो म्हटलं, चाळीस दिवसांचा, आई धरायची.

"चाळीस," असं म्हणून ती थांबली. मग सांगायला लागली की तिच्या सुनेला एक उपास होत नाही, सकाळीच चहा-बटर खाऊन बसते, आणि मुलगा तिचीच बाजू घेतो, आणि शेताचा कागद कसा करून घेतला, सगळं. वीस मिनिटं मी त्या सुनेची गोष्ट ऐकली. आई अशीच ऐकायची, कुणीही बाई आमच्या ओट्यावर येऊन सुनेचं नाहीतर सासूचं सांगत बसायची आणि आई तांदूळ निवडत ऐकायची, मध्ये एक शब्द नाही, आणि मी आत अभ्यास करताना चिडायचे की ही माणसं जात का नाहीत. मी तांब्या काढला, टँकरवरून भरून आणला, लंगडत. आजीने ओंजळ पुढे केली, तांब्या हातात घेतला नाही. मी धार धरली. ती पाणी प्यायली, ओले हात तोंडावरून फिरवले, मग अजून म्हणाली, मी अजून ओतलं. आईच्या मागे उभं राहून वर्षानुवर्षं हेच बघितलं होतं पण तांब्या माझ्या हातात तिने कधी दिला नव्हता, सांडशील म्हणायची.

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र आई भगिनी मंडळात वाचून दाखवायची, पुस्तकाला खाकी कव्हर. बाप्तिस्म्याआधी लक्ष्मीबाई ख्रिस्ती लोकांत राहूनही सोवळं पाळायच्या, आणि मग एक दिवस माणसामाणसांतला हा भेद देवाचा नाही असं त्यांना आतून पटलं, त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. तो भाग आला की आई पुस्तक मिटून बायकांकडे बघायची. काही बोलायची नाही. बसलेल्या निम्म्या बायकांच्या आज्या महारवाड्याच्या विहिरीवरून पाणी आणणाऱ्या होत्या, त्यांना काय सांगायचं.

उंडवडीला पोचेपर्यंत अंधार झाला. आजीचं गाव, नाव, दिंडी नंबर, काही विचारलं नव्हतं. राहुटीत त्या घोरणाऱ्या बाईने माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. त्या रात्री मला कुणाच्याच आवाजाचा त्रास झाला नाही, दुसऱ्या रात्रीपासून परत झाला.

बारामती, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं रिंगण, इंदापूर, सराटीला नीरास्नान, अकलूज. बोरगावला पाऊस आला तो रात्रभर. पिराची कुरोली. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तिथे मी फक्त घाम आणि चिखल पाहिला असं म्हटलं तर खोटं नाही, आणि तिथेच वीणेकरीबुवांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या बघून मला पण थांबवलं नाही, हेही खरं.

पंढरपुरात मी दर्शनाच्या रांगेत उभी राहिले नाही. मूर्तीपुढे मी काय म्हणणार होते, खोटं वागायचं नव्हतं मला, तिथेही आणि घरीही. चंद्रभागेच्या वाळवंटात बराच वेळ बसले. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही काळ याच गावात राहिल्या होत्या, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लोक काय काय बोलत असतील. तेव्हा त्यांना कुठे माहीत होतं की आपण पुढे पाळकीणबाई होणार आहोत, नगरात प्लेगच्या छावणीत आजाऱ्यांची सेवा करणार आहोत. याच वाळूत बसल्या असतील कधी तरी. आई सोबत असती तर तिने नक्की बरोब्बर ते पान सांगितलं असतं.

मग महाद्वाराकडे गेले. पप्पांनी एकच काम सांगितलं होतं. पप्पांचे पणजोबा नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती व्हायच्या आधीचे माळकरी, पायी वारी करायचे आणि नामदेव पायरीसमोर चोखोबांच्या समाधीला डोकं टेकून परत फिरायचे, कारण त्यांना तिथवरच जाता यायचं. साने गुरुजींनी उपोषण केलं आणि मंदिर सगळ्यांना उघडलं ते 1947 ला, तोवर पणजोबा कधीच गेले होते आणि घर ख्रिस्ती झालं होतं. पप्पा म्हणाले होते, तिथे उभी राहा थोडा वेळ, त्यांच्यासाठी.

उभी राहिले. गर्दीने मला तीनदा हलवलं. मी प्रभूची प्रार्थना म्हटली, मनातल्या मनात, आमेन पण मनात. शेजारी एक बाई समाधीच्या दगडाला हात लावून त्याच हाताने ओले डोळे पुसत होती, मग मला म्हणाली, माउली, पाणी आहे का हो थोडं?

तांब्यात होतं. मी धार धरली.

रात्री एसटी स्टँडवरून पप्पांना फोन लावला. पाय कसे आहेत विचारलं. बरे आहेत म्हटलं. मग तांब्याला पोचा आलाय हे सांगितलं, अकलूजला ट्रकमधून पडला होता. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, एक आधीचा आहे बघ, बुडाला, तू लहान असताना पाडला होतास, गेटवर.