मांडीवरची बेटकुळी आणि लिव्हरची फाइल

सगळं एका साध्या तपासणीतून सुरू झालं. एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हर बिघडलं की रक्तात वाढणारी एन्झाइम्स, वाढलेली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "किती घेता?" मी घेत नाही म्हटलं. यावर कोणाचाच विश्वास बसत नसतो, माझ्याही बाबतीत बसला नाही.

मग सोनोग्राफी झाली, हेपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या झाल्या. सगळं स्वच्छ. तरी तेलकट बंद, लिव्हरचं टॉनिक सुरू, दर तीन महिन्यांनी रक्त. आकडे जागचे हलेनात. अडीच वर्षांत फाइल चांगली बोटभर जाड झाली. त्याच फाइलीत जीजीटी या लिव्हरच्याच आणखी एका एन्झाइमचा रिपोर्टही होता, पूर्ण नॉर्मल. त्याचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. ज्यांना कळायला हवा होता त्यांनी तो पाहिला नाही, याचा राग अजून आहे.

पाय आखडायचे ते वेगळंच. सकाळी जिना उतरताना पोटऱ्या लाकडासारख्या, दहा-बारा पावलं टाकली की सैल. हे मी कोणाला सांगितलंच नाही, लिव्हरचा आणि पोटरीचा काय संबंध!

पुढे डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी फाइल मागून पुढे वाचली आणि सीपीके, म्हणजे स्नायूंतल्या एका एन्झाइमची रक्ततपासणी, करायला सांगितलं. आकडा आला १,८७०. लॅबची मर्यादा साधारण २००. ते म्हणाले, "अहो, एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंतही असतात. जीजीटी नसतं. तुमचं लिव्हर बिचारं उगाच बदनाम झालंय."

न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी मला आडवं झोपवलं आणि हातोडी न घेता बोटानेच मांडीवर जोरात टिचकी मारली. तिथे गाठ उभी राहिली, काही सेकंद तशीच राहिली आणि हळूहळू विरली. मग त्यांनी मला पाय घट्ट आवळून धरायला आणि एकदम ताणायला सांगितलं. कातडीखाली एक लाट उठली आणि मांडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेली, चादरीखालून उंदीर जावा तशी. मॅडमनी शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. मला हसू आलं, कारण हा खेळ मी शाळेत दाखवायचो. बाकीची पोरं दंडाची बेटकुळी काढायची, माझी बेटकुळी चालायची. बाबांचीही चालते. आमच्या घरातल्या मांड्या अशाच, एवढंच आम्हाला माहीत होतं.

ईएमजीत, म्हणजे स्नायूतली वीज टिपणाऱ्या तपासणीत, तर गंमतच झाली. सुई स्नायूत, लाट डोळ्यांसमोर सरकतेय आणि पडद्यावर सरळ रेघ. एरवी स्नायू आवळतो तो विजेच्या संदेशाने. इथे नुसता ताणच त्याला आवळायला लावतो, म्हणून यंत्राला काही ऐकू येत नाही. मॅडमना आजाराचं नाव तिथेच सुचलं असणार: रिपलिंग मसल डिसीज. याचा एक प्रकार प्रतिकारशक्ती बिघडल्यानेही होतो, कधी मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या जोडीने, आणि त्यावर उपचार करता येतात. म्हणून आधी त्याच्या तपासण्या झाल्या. पण बाबांचा इतिहास कळल्यावर पारडं जनुकाकडेच झुकलं. जनुक चाचणीत नेमका दोष सापडला आणि बायोप्सी टळली.

दोष सीएव्ही-३ या जनुकात, म्हणजे कॅव्हिओलिन-३ या प्रथिनात. समुपदेशक बाईंनी कागदावर स्नायूपेशीचं पटल काढलं आणि त्यात खाली झुकलेल्या सुरईसारख्या खळग्या काढल्या. या कॅव्हिओली. रुंदी ५० ते १०० नॅनोमीटर. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पहिल्यांदा दिसल्या. कॅव्हिओलिन म्हणजे त्यांची परांची: खळगीला आकार देणारी आणि इतर प्रथिनांना जागेवर धरून ठेवणारी. स्नायू ताणला की या खळग्या सपाट होतात आणि पटलाला थोडं जास्तीचं कापड मिळतं. परांचीच नसेल तर हे कापड मिळत नाही, पटल शिणतं, आतलं सीपीके रक्तात पाझरतं.

मी विचारलं, जनुकाची दुसरी प्रत तर चांगली आहे ना? उत्तर मला फार आवडलं, माझंच नुकसान असूनही. या प्रथिनाचे रेणू एकेकटे काम करत नाहीत, आधी एकमेकांना धरून जुडगे बनवतात. बिघडलेला रेणू पेशीतच, प्रथिनं पुढे पाठवणाऱ्या गॉल्जी या भागापाशी अडकतो आणि हात धरलेल्या चांगल्या रेणूंनाही अडकवून ठेवतो. त्यामुळे पटलावर निम्मं प्रथिन पोचावं तिथे फारच थोडं पोचतं.

१९९८ मध्ये याच जनुकातले दोष कमरेच्या व खांद्याच्या स्नायूंच्या एका डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू झिजवणाऱ्या आजारात, सापडले, २००१ मध्ये लाटांच्या या आजारात. काहींना नुसतं सीपीके वाढलेलं, बाकी त्रास शून्य. एकाच घरात एकच दोष वेगवेगळी रूपं घेतो. हृदयाच्या तालाशीही त्याचा संबंध जोडला गेलाय. तो किती पक्का यावर तज्ज्ञांत दुमत आहे, पण माझा ईसीजी काढला, त्यातलं ताल बिघडण्याचा धोका सांगणारं क्यूटी हे अंतर ठीक निघालं. औषध असं नाही. भूल द्यायची वेळ आली तर आधी सांगायचं, कोलेस्टेरॉलची गोळी विचारल्याशिवाय सुरू करायची नाही, आणि थंडीत सावकाश हालचाल.

बाबांची चाचणीही तशीच आली. "म्हणजे लिव्हर माझ्यामुळे नाही, मांडी माझ्यामुळे," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के. धाकट्या भावाला सांगितलं. तो चाचणी नको म्हणाला, मी पुन्हा विषय काढला नाही. फक्त ईसीजी काढ म्हटलं, तेवढा त्याने काढला. मांडीवर टिचकी मात्र मारू देत नाही.