बाबांची 1978 ची पद्मिनी घरी आली

इथे ब्रिटनमध्ये, कॉव्हेंट्रीत, गाडीने चाळिशी ओलांडली की तिला दरवर्षीच्या एमओटी तपासणीला न्यावं लागत नाही, आणि रोड टॅक्सही शून्य. अट एवढीच, की गेल्या 30 वर्षांत गाडीत मोठे फेरफार झालेले नसावेत. ती रस्त्यावर धड चालेल अशी ठेवायची जबाबदारी मालकाची. ऑफिसातल्या एकाने त्याच्या मॉरिस मायनरबद्दल हे सहज सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं.

बाबांची पुण्यातली प्रीमियर पद्मिनी 1978 ची. ती इथे असती तर कागदोपत्री 'ऐतिहासिक' ठरली असती. आपल्याकडे 2021 च्या नियमाप्रमाणे विंटेज व्हायला 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यानंतर 'व्हीए'चा नंबर मिळतो, पण गाडी काढायची ती रॅलीला, प्रदर्शनाला, फार तर पेट्रोल भरायला नाहीतर दुरुस्तीला. बाबांना गाडी मंडईत न्यायची आहे, आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची आहे. म्हणून साधाच नंबर ठेवलाय आणि दर 5 वर्षांनी आरटीओत पुनर्नोंदणी करायची. पंचाहत्तरीच्या माणसाला त्या रांगेत उभं राहावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

पण इंजिनाचं काम मी पुण्यातच करून घेतलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

सायलेन्सरमधून निळा धूर येत होता, म्हणजे ऑइल जळत होतं. पिकअप पार गेला होता. "भंगारात दे, चांगले पैसे येतील," हे घरातल्या निम्म्या लोकांचं मत. नाना पेठेतल्या मिस्त्रींनी इंजिन उतरवलं, हेड काढलं आणि ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे नेताना आम्हाला मुद्दाम बरोबर घेतलं. "काका, तुमच्या डोळ्यांनी बघा, मग ठरवा." झीज मोजणारा डायल गेज सिलिंडरमध्ये सोडून त्यांनी तो हळूहळू वर आणला. खाली काटा जवळपास स्थिर होता आणि वरच्या टोकाशी सरकत गेला. पिस्टनची रिंग जिथून परत फिरते तिथेच झीज सर्वांत जास्त. चारही सिलिंडर त्यांनी असेच दाखवले आणि आकडे खडूने ब्लॉकवर लिहिले. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवून त्याला बसतील असे ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे, क्रँक ग्राइंड करून त्या बारीक झालेल्या क्रँकला बसेल असं अंडरसाइझ बेअरिंग बसवायचं, हे बाबांनी मान डोलावल्यावरच पक्कं झालं.

होनिंग, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत बारीक घासणं, झाल्यावर मिस्त्रींनी माझं बोट धरून आतून फिरवलं. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा नखाला लागत होत्या. "या रेघांत ऑइल थांबतं. आरशासारखं गुळगुळीत केलं तर रिंगा बसणारच नाहीत." इथे कॉव्हेंट्रीतही काम चोख होतं, त्यात खोट नाही. पण इथे तासाचं बिल लागतं, काम काउंटरच्या पलीकडे होतं आणि आपल्याला कागद मिळतो. माझ्या हाताला धरून सिलिंडर दाखवणारा माणूस मला इथे अजून भेटलेला नाही.

व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीटही त्यांनीच सुचवून कडक धातूच्या बसवल्या. शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडे 2000 मध्ये बंद झालं. जुन्या इंजिनांच्या सीटना त्या शिशाचाच आधार होता; तो गेल्यावर सीट हळूहळू आत खचत जाते. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, जे जुन्या रबराला सोसत नाही. ब्रिटनने 2021 मध्ये 10 टक्क्यांचं पेट्रोल आणलं, पण जुन्या गाड्यांसाठी 5 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं सुपर पेट्रोल ठेवलं. थोडं महाग पडतं, पण मिळतं. आपल्याकडे पद्मिनीवाल्यांचा एवढा विचार कोणी करायचा? मिस्त्रींनी केला. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम त्यांनी इथेनॉल सोसेल असा शोधून आणला.

रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, गाडी घरी आणायची ठरली. आधी प्लग काढून स्टार्टर फिरवला. ऑइलचं प्रेशर वर चढल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, यावर मिस्त्री ठाम. बाबा स्टिअरिंगवर, मिस्त्री शेजारी, मी मागे. लक्ष्मी रोड, अलका चौक, लकडी पूल, मग कर्वे रोड. "टॉपमध्ये रेटू नका. एकाच स्पीडलाही धरू नका, कमी-जास्त होऊ द्या," असं सांगत त्यांची नजर टेंपरेचरच्या काट्यावर. डेक्कनला सिग्नलला काटा किंचित चढला आणि बाबांचा हात स्टिअरिंगवरच्या गिअरवर घट्ट झाला. गाडी पुढे निघाली तसा काटा उतरला. कोथरूडला पोचल्यावर मिस्त्रींनी इंजिनाखाली पुठ्ठा सरकवला आणि चहा होईपर्यंत तसाच ठेवला. ऑइलचा एक थेंब नव्हता.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा टाइट करायचे असतात. त्यासाठी दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी ते पाना घेऊन कोथरूडला आले. पैसे विचारले तर "ते कामातच आलं, काका."

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियरची ही गाडी, हे मी इथल्या मॉरिसवाल्याला दोनदा सांगितलंय. मुलगा परदेशात बसून पैसे उधळतो, असं नातेवाइकांना वाटतं. तेवढ्यात सेकंडहँड ऑल्टो आली असती, हेही खरं. पण बाबांना ऑल्टो नको होती, आणि पैसे माझे होते.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये संपल्यापासून तिचे पार्ट आणखी दुर्मीळ होत चाललेत. तुमच्या घरी पद्मिनी उभी असेल तर पिस्टन-रिंगचा सेट आत्ताच घेऊन ठेवा, आणि इंजिनाला हात लावायच्या आधी पेट्रोलचे पाइप बदला.