राज्य नसलेली राणी

शनिवार, रात्र

‘ऑल फॉर लव्ह’ आज सलग वाचून काढलं. क्लिओपात्राने इजिप्तवर एकवीस वर्षं राज्य केलं. भावाशी सिंहासनासाठी लढली, दुष्काळ पाहिले, रोमच्या दोन बलाढ्य पुरुषांशी बरोबरीने राजकारण केलं. तिच्या घराण्यात इजिप्शियन लोकांची भाषा शिकलेली ती पहिलीच, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. आणि जॉन ड्रायडनच्या १६७७ मधल्या या इंग्रजी शोकांतिकेत तिच्या हातात कारभार म्हणून काही नाहीच. मला हे फार लागलं. नाटक मनापासून आवडलं, म्हणूनच जास्त लागलं.

सगळं अलेक्झांड्रियात घडतं, एका दिवसात. अ‍ॅक्टियमची लढाई क्लिओपात्रा आणि तिचा प्रियकर, रोमन सेनानी अँटनी, हरून बसलेत, त्याचा रोमन प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियस याचा वेढा पडलाय. शेक्सपिअरने याच कथेला चाळीसहून जास्त प्रवेश दिले आणि प्रेक्षकाला रोम-इजिप्त असं सारखं फिरवत ठेवलं. ड्रायडनने तो पसारा आवरला. शेक्सपिअरला गुरू मानून लिहिलंय हे तो उघड सांगतो आणि त्याच्यासाठी यमकही सोडतो. दोनच वर्षांपूर्वी, १६७५ मध्ये, त्याने ‘औरंगजेब’ हे नाटक यमकात लिहिलं होतं आणि त्याच्याच नांदीत यमकाचा कंटाळा आल्याची कबुली दिली होती. (खरा औरंगजेब तेव्हा तख्तावर होता, आणि रायगडावरच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष झालं होतं. लंडनमध्ये मात्र तो प्रेमात पडलेला आदर्श राजपुत्र! या नाटकावर कधीतरी स्वतंत्र लिहायचंय.)

पहिला अंक निव्वळ सोनं आहे. अँटनी हरलेला, जमिनीवर आडवा पडलेला. आपण आता रानातल्या वठलेल्या झाडाखाली पडून आहोत अशी कल्पना करत बसलाय. त्याचा जुना सेनानी व्हेंटिडियस बाजूला उभा राहून हे पाहतो, आणि त्या रांगड्या म्हाताऱ्या शिपाईगड्याला रडू फुटतं. ते पाहून अँटनीही रडतो. मग व्हेंटिडियस त्याला बोचेल असं बोलतो, दोघं भांडतात, आणि शेवटी बारा पलटणी वाट पाहताहेत म्हटल्यावर अँटनी उठून उभा राहतो. आपण लिहिलेल्या या प्रकारच्या सगळ्यात हाच प्रवेश सर्वांत सरस, असं ड्रायडनने प्रस्तावनेत म्हटलंय, आणि मला ते शंभर टक्के पटतं. पहिल्या प्रयोगात, डिसेंबर १६७७ मध्ये ड्रुरी लेनच्या थिएटर रॉयलमध्ये, व्हेंटिडियस केला मायकेल मोहनने. हा माणूस इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने खरोखर लढलेला, लोक त्याला मेजर मोहनच म्हणत. रणांगण पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ती वाक्यं ऐकताना थिएटरात काय झालं असेल!

पण क्लिओपात्रा. दुसऱ्या अंकात अँटनी तिला सोडून निघालाय. ती एक पत्र पुढे करते. ऑक्टेव्हियसचं पत्र: अँटनीला सोड, इजिप्त तुझाच राहील, वर सिरियाही देतो. ते तिने नाकारलंय. आणि ती म्हणते काय, तर मी एक राज्य नाकारलं, ती काय मोठी गोष्ट, तुमच्यासाठी जीवही देईन. अँटनी तिथेच विरघळतो. वाचताना मीही विरघळले. पुस्तक खाली ठेवल्यावर जाणवलं की अख्ख्या नाटकात तिचं राज्य जेव्हा ठसठशीतपणे समोर येतं, तेव्हा ते सोडून देण्याची वस्तू म्हणूनच येतं. डावपेच सगळे तिचा खोजा सेवक अ‍ॅलेक्सस लढवतो. तो सुचवतो, अँटनीचा मित्र डोलाबेला याच्याशी लाडीगोडी कर, अँटनी मत्सराने पेटेल. तिला ते धड जमतही नाही, मध्येच खरं बोलून टाकते. त्याच सुमाराला ती म्हणते की निसर्गाने मला बायको व्हायला घडवलं होतं, घरातलं साधंभोळं कबूतर. चार मुलांची आई आणि एका देशाची राणी असलेली ही बाई. आणि ती चारही मुलं रंगमंचावर येतच नाहीत.

ही निवड नाटककाराने डोळसपणे केलीय असं मला वाटतं, कारण पात्रयोजनाही तशीच होती. क्लिओपात्रा केली एलिझाबेथ बूटेलने. ठेंगणी, चेहऱ्यावर बालिश भाव, आवाज बारीक पण गोड, असं तिचं वर्णन आढळतं. जिच्यावर सगळे नायक जीव ओवाळतात अशा निरागस तरुणीच्या भूमिका बहुतेक तिच्याकडे यायच्या. प्रेक्षकांनी तिला दोष देऊ नये, तिच्यासाठी रडावं, याची ही तजवीज. त्यासाठी तिचं राणीपण काढून घ्यायला हवं होतं का? मला नाही वाटत. राज्य हरणाऱ्या बाईसाठीही माणसं रडतात.

आणि शेवटी ड्रायडनलाही ते राणीपण लागतंच. अँटनी मेलाय. ती मुकुट घालते, त्याच्या शेजारी बसते, फळांखाली दडवलेला साप हाताला लावते. लोक आत शिरतात तेव्हा पुजारी सेरापियन म्हणतो, बघा, दोघं कसे दरबारात बसलेत, जणू अर्ध्या जगाला कायदे सांगताहेत! पाच अंकांत तिच्या वाट्याला न आलेला दरबार तिला मेल्यावर मिळतो. या ओळीवर मी फार वेळ थांबले.

खरा तिढा ऑक्टेव्हियाचा आहे. तिसऱ्या अंकात अँटनीची रोमन बायको दोन लहान मुलींना घेऊन अलेक्झांड्रियात येते. मुली बापाला बिलगतात, व्हेंटिडियस आणि डोलाबेला बाजूने बोलतात, आणि अँटनी हरतो. मग दोन्ही बायका समोरासमोर. इतिहासात ऑक्टेव्हिया कधी अलेक्झांड्रियाला गेली नाही. इ.स.पू. ३५ मध्ये सैन्य आणि रसद घेऊन अथेन्सपर्यंत आली, तिथेच अँटनीने तिला थांबवलं. ड्रायडन प्रस्तावनेत कबूल करतो की रचनेतला सर्वांत मोठा दोष इथेच असावा, कारण तिच्याबद्दल आणि मुलींबद्दल जी कणव वाटते ती नायक-नायिकेच्या वाट्याची कणव खाते. पण खटका काढून टाकायलाही तो तयार नाही. दोघी समोर आल्यावर टोमणे मारणारच, फ्रेंच नाटककार शिष्टाचारापायी त्यांना भेटूच देणार नाहीत, असं तो ठणकावतो. याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं.

त्या प्रेक्षकांसमोर राजा होता दुसरा चार्ल्स. राणी कॅथरीन, जिच्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई दिली तीच, आणि दरबारात उघड वावरणारी त्याची प्रेयसी, डचेस ऑफ पोर्ट्समथ. दूरच्या राणीसाठी बाजूला पडलेली लग्नाची बायको रंगमंचावर आल्यावर त्यांना काय काय आठवलं असेल.

आणि जे नाटकात नाही ते मला अधिक मोठं वाटतं. अँटनी आणि क्लिओपात्रा गेल्यावर त्या दोघांची मुलं रोमला नेली, आणि त्यांना ऑक्टेव्हियाने आपल्या घरी वाढवलं. सवतीची मुलगी क्लिओपात्रा सेलेनी हिचं लग्न राजा जुबाशी लागलं, ती उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेटेनियाची राणी झाली, आणि तिच्या नाण्यांवर इजिप्तची सुसर आहे. यावर नाटक लिहायला हवं होतं कुणीतरी. उद्या प्लुटार्कचं अँटनी-चरित्र परत काढते. नवऱ्याच्या घरातून बाहेर काढल्यावर ऑक्टेव्हिया त्याच्या मुलांना बरोबर घेऊन निघते, तो भाग नीट वाचायचाय.