सोळा कोअर इकडे, सोळा कोअर तिकडे

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात त्या दिवशी दोन सर्व्हर शेजारी शेजारी चालू होते. जुन्यात इंटेल झिऑन ई५-२६५० व्ही२ हे दोन प्रोसेसर, २०१३ सालचं मॉडेल. प्रत्येकी ८ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.४. नव्यात एएमडीचा एपिक ७३१३पी, २०२१ चा, एकटाच. १६ कोअर, वेग ३.० ते ३.७. म्हणजे कोअर दोन्हीकडे १६, थ्रेड ३२, रॅम १२८ जीबी. पंधरवड्याची ऊस बिलं रात्री नव्यावर काढायची की जुन्यावरच, हे संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ऐन गळीत हंगामात नुसत्या अंदाजावर मशीन बदलून चालत नाही.

सकाळी पहिलं काम जुन्याच्या साफसफाईचं. कारखान्यात बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, बारीक भुकटी सगळीकडे उडते आणि हीटसिंकच्या पात्यांत गच्च बसते. लोड दिल्यावर टर्बोस्टॅट या प्रोसेसरचा वेग-तापमान दाखवणाऱ्या कमांडमध्ये तापमान चढत होतं आणि वेग खाली येत होता. अशा अवस्थेत तुलना केली असती तर नवा सहज जिंकला असता, पण तो विजय भुकटीवरचा. पंखे हातानं धरून ब्लोअर मारला, वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. त्यानंतर जुन्याचा वेग लोडमध्येही स्थिर राहिला. पंखा मोकळा फिरू देऊन ब्लोअर मारू नये, बेअरिंग जातं.

दोन्हीकडे प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवला. डेटाबेस पोस्टग्रेस, आकार ४० जीबीच्या आत, म्हणून आधी सगळी टेबलं मेमरीत ओढून घेतली. नव्यात वेगवान एनव्हीएमई एसएसडी आहे आणि जुन्यात फिरत्या डिस्क. हे केलं नसतं तर प्रोसेसरऐवजी डिस्कचीच तुलना झाली असती. चाचणीचे प्रोग्रॅम ज्या त्या मशिनवर वेगळे कंपाइल केले. झिऑनच्या व्ही२ पिढीत एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या जादा इन्स्ट्रक्शनचा संच) नाही, ते व्ही३ पासून आलं. नव्यावर 'नेटिव्ह' (त्याच प्रोसेसरसाठी) लावून बनवलेली फाइल जुन्यावर नेली, की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून जागीच थांबते.

एकच बिल प्रक्रिया एका कोअरवर चालवली तेव्हा नवा स्पष्ट पुढे होता. तसा तो असायलाच हवा. एका ठोक्यात (क्लॉक सायकलमध्ये) तो जास्त काम उरकतो, आणि त्याच्याकडे एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) १२८ एमबी आहे, कोअरमागे ८ एमबी. जुन्यात हीच कॅश प्रोसेसरमागे २० एमबी, म्हणजे कोअरला अडीच. शिवाय मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी २०१८ मध्ये जाहीर झाल्यापासून जुन्याला कर्नलमधल्या बंदोबस्ताचं ओझं वाहावं लागतं. एएमडीला त्या त्रुटीची बाधा नाही.

मग शेतकी विभागाचे १६ रिपोर्ट एकदम सोडले. गटवार ऊस, टोळीवार तोडणी, वाहतूक, कपाती, सगळं. आणि नव्याची आघाडी विरघळली. जुन्याच्या बरोबरीला येऊन तो थांबला.

टॉप या लोड दाखवणाऱ्या कमांडमध्ये सगळे कोअर १०० टक्के दिसत होते, वेगही वरचाच होता, तापमान ठीक. इथे हमखास फसगत होते. मेमरीची वाट बघत उभा असलेला कोअरसुद्धा टॉपला कामात असलेलाच दिसतो. पर्फ स्टॅट (प्रोसेसरचं प्रत्यक्ष काम मोजणारी कमांड) लावल्यावर खरं कळलं. एका ठोक्यामागे होणाऱ्या इन्स्ट्रक्शन फारच कमी झाल्या होत्या. डीएमआयडीकोड या कमांडनं मेमरीची यादी काढली तर ८ स्लॉटपैकी ६ रिकामे. पुरवठादारानं पुढे रॅम वाढवायला जागा राहावी म्हणून ६४ जीबीच्या दोनच पट्ट्या बसवून दिल्या होत्या.

हिशेब साधा आहे. डीडीआर४-३२०० चं एक चॅनेल (प्रोसेसर आणि मेमरीमधला रस्ता) सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देतं. प्रोसेसरला आठ चॅनेल आहेत, म्हणजे २०४.८. पट्ट्या दोन, म्हणून चालू मात्र दोनच, म्हणजे ५१.२. जुन्यात डीडीआर३-१८६६, चॅनेलमागे सुमारे १४.९, एका प्रोसेसरला चार चॅनेल, दोघांचे मिळून सुमारे ११९. जुन्याच्या एकट्या प्रोसेसरलाही ५९.७ मिळत होते! मेमरीचा वेग मोजणाऱ्या स्ट्रीम चाचणीतही नवा जुन्याच्या जेमतेम निम्मा भरला. ही चाचणी मूळ मापावर चालवू नका. त्यात एका ॲरेत १ कोटी घटक, म्हणजे ८० एमबी. १२८ एमबीची कॅश त्यातला बराच भाग गिळते आणि आकडा फुगतो. ॲरे कॅशच्या किमान चौपट हवा. आम्ही ८ कोटी घटक घेतले, प्रत्येकी ६४० एमबी.

१६ जीबीच्या आठ पट्ट्या लागणार होत्या. पुण्याला फोन केला, दुपारच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल निघालं. तेवढ्यात हिशेबनीस म्हणाले, "जुन्यातल्या आठ पट्ट्या हायत की ओ, त्याच घाला ह्यात." त्यांचं म्हणणं रास्त वाटावं असंच होतं, पण डीडीआर३ ला २४० पिना आणि डीडीआर४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी, बसतच नाही. आहेत त्या दोन ६४ च्या शेजारी सहा १६ च्या घालायचा विचारही करू नये. क्षमता असमान झाली की डेटा सगळ्या चॅनेलवर सारखा वाटला जात नाही.

पार्सल रात्री आठच्या सुमारास आलं. सर्व्हर बंद करून दोन्ही पॉवर केबल काढल्या, पॉवर बटण दाबून उरलेला चार्ज उतरवला, मनगटाला अर्थिंगचा पट्टा. आठही पट्ट्या एकाच प्रकारच्या रजिस्टर्ड, एकाच रँकच्या. पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळाच राहतो. मेमरी ट्रेनिंग (नव्या पट्ट्यांशी जुळवून घेणं) चालू असतं; घाबरून वीज तोडायची नाही.

या वेळी स्ट्रीममध्ये नवा जुन्याच्या बराच पुढे निघाला, आणि तेच १६ रिपोर्ट एकदम सोडल्यावरही पुढेच राहिला. दोन सॉकेटमधली मेमरीची ओढाताण नव्यात नाही, तेही सोपं झालं. जुना हंगाम संपेपर्यंत राखीव ठेवायचं ठरलं. त्याहून जास्त नाही, कारण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स२ असलेलाच प्रोसेसर लागतो.

बिलाआधी मागचा पंधरवडा नव्यावर पुन्हा काढला. एकूण रक्कम, तोडणी-वाहतूक, सोसायटी वसुली पैशापर्यंत जुळली. मग चालू पंधरवडा लावला.